घरचा अभ्यास

जो माणूस वीस-बावीस वर्षे दुसऱ्यांच्या वह्या तपासत आला आहे, त्याने चाळिशी उलटल्यावर स्वतःची वही दुसऱ्यापुढे तपासायला ठेवू नये. त्याच्या प्रकृतीला ते मानवत नाही. हे शहाणपण मला गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर सुचले. पण नेहमीप्रमाणे, फी भरून झाल्यावर.

मी कोल्हापुरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. ह्या दोन्ही उद्योगांची जगाला काय गरज आहे, हे आमच्या शेजाऱ्यांना अजून नीटसे उमगलेले नाही. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. दाखल्यावर 'दहावी' असे लिहिले असले तरी आमच्या घरात त्या परीक्षेला अजून मॅट्रिकच म्हणतात. पुढे चित्रकला-शिक्षकाची पदविका घेतली, आणि तेव्हा हातात आलेला खडू अजून सुटलेला नाही.

छायाचित्रणाच्या वर्गात शिरलो तो कादंबरीपायी. नव्या कादंबरीचा नायक फोटोग्राफर करायचा, असे मी ठरवले होते. तीन प्रकरणे लिहून झाल्यावर ध्यानात आले की, हा गृहस्थ दर दुसऱ्या पानावर कॅमेरा सरसावतो आणि दर तिसऱ्या पानावर क्षण टिपतो. ह्यापलीकडे त्याला काही येत नाही. त्याला येत नाही, कारण मला येत नाही. तेव्हा त्याच्या वतीने मीच शिकायला गेलो.

शिकवणारे मास्तर सत्तरीच्या पुढचे. एके काळी त्यांचा स्टुडिओ होता. पुढे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला तेव्हा त्यांनी पाटी उतरवली. पण मागची काळोखी खोली तशीच ठेवली. रविवारी सकाळी तिथे पाच-सहा जणांना ते जुन्या पद्धतीचे छायाचित्रण शिकवतात. मोबाइलवर मिनिटाला शंभर फोटो निघतात हे त्यांना ठाऊक आहे. "म्हणूनच," ते म्हणाले, "इथे आठवड्याला सहा निघतील." मोठ्या रिळातून सहा-सहा फोटोंचा तुकडा कापून ते आम्हाला डबीत भरून देत. त्यासोबत एक वही. वहीत घरचा अभ्यास लिहून न्यायचा आणि पुढच्या रविवारी तांबड्या शाईतला शेरा घेऊन परत यायचे.

वर्गात माझ्या शेजारच्या स्टुलावर कोण बसला असेल? माझ्याच शाळेतला, नववीचा एक मुलगा. सहामाहीला मी त्याला स्थिरचित्रात 'क' श्रेणी दिली होती. मला पाहून तो उभा राहिला. मास्तर म्हणाले, "बस रे. इथे सर एकच." तो बसला, मीही बसलो. त्या क्षणी आमच्यातले अंतर जे मिटले, ते पुढे त्याच्या बाजूने वाढत गेले, माझ्या नव्हे.

पहिल्या दिवशी मास्तरांनी कॅमेऱ्याला हातच लावू दिला नाही. नुसत्या गोष्टी सांगितल्या. म्हणाले, "फोटो शिकायला वर्गात येणारे तुम्ही पहिले नव्हे. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची युक्ती जाहीर झाली आणि १८५५ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघालाही. हरिश्चंद्र चिंतामण तिथे शिकले आणि मुंबईतले नामांकित फोटोग्राफर झाले." मग दादासाहेब फाळक्यांची गोष्ट. ते बडोद्याच्या कलाभवनात शिकले. १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रण करत महिनाभर त्याचा वेल वाढताना टिपला. ती फिल्म दाखवून त्यांनी पहिल्या चित्रपटासाठी भांडवल उभे केले. "ह्याला म्हणतात घरचा अभ्यास," मास्तर म्हणाले. "रोज एक. आणि वेल काही घाई करत नाही."

आणि शेवटी अर्थातच कोल्हापूर. आमच्या गावात कोणतीही गोष्ट शेवटी बाबूराव पेंटरांपाशी येते, आणि ते योग्यच आहे. आनंदराव आणि बाबूराव ह्या पेंटर बंधूंनी स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा घडवायला घेतला. कोणी शिकवणारे नव्हते. यंत्र उघडायचे, पाहायचे, लेथवर तसा भाग कातून बघायचा. १९१६ साली आनंदराव गेले. काम अर्धे राहिले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून ते १९१८ साली तडीस नेले, आणि त्याच कॅमेऱ्याने घेतलेली 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आली. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. तिथून मी रोज सायकलवरून शाळेला जातो. इतकी वर्षे मी तो पाहत होतो, पण वाहने चुकवण्याच्या निमित्ताने. त्या रविवारी परतताना पहिल्यांदा खाली उतरलो.

पहिला अभ्यास असा होता: कॅमेरा नको. उजेड कुठून येतो, कुठे जातो, ते आठ दिवस पाहा आणि लिहा.

मी कादंबरीकार, मला हे सोपे वाटले. आमच्या सोप्यातल्या उन्हावर मी चार पाने लिहिली. त्यात 'सोनसळी' हा शब्द तीनदा होता. शेरा आला: "उजेड पाहिला नाही. स्वतःला पाहिले." शेजारच्या मुलाने अर्धे पान लिहिले होते: सकाळी सात वाजता ऊन उंबऱ्यावर, साडेआठला पाटावर, दहाला बाहेर; ढग आला की सावलीची कड पुसट होते. त्याला शेरा: "उत्तम."

सुदैवाने तेव्हा अंबाबाईच्या किरणोत्सवाचे दिवस होते. दर वर्षी नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला मावळतीची किरणे महाद्वारातून सरळ गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर. आकाशात ढग किंवा धूळ असली तर किरणे वाटेतच विरतात. लहानपणापासून हे ऐकत आलो होतो. ह्या खेपेला गर्दीत न घुसता मी महाद्वारापाशी उभा राहिलो आणि देवीऐवजी सूर्याकडे पाहिले. घरी येऊन कॅलेंडर काढले. १० नोव्हेंबरपासून २२ डिसेंबरपर्यंत, म्हणजे सर्वांत लहान दिवसापर्यंत, ४२ दिवस. तिथून १ फेब्रुवारीपर्यंत ४१. दक्षिणेला जाताना सूर्य ज्या ठिकाणी मावळतो, परत येताना बरोबर त्याच ठिकाणी मावळतो. म्हणून सोहळा वर्षातून दोनदा. ज्या कारागिराने ही भिंत आणि हे दार योजले त्याने हा अभ्यास आपल्या आधी शेकडो वर्षे केला होता, आणि वहीही ठेवली नव्हती. हे मी एका परिच्छेदात लिहिले. शेरा आला: "आता पाहू लागलात."

सांगायला लाज वाटते, पण मी तो शेरा घरी सौ.ला दाखवला.

पुढे कॅमेरा हाती आला. रशियन बनावटीचा, जुना, वजनाला पाट्यावरच्या वरवंट्याइतका. त्याचे शास्त्र आधी फार उलटे वाटले. भिंगाचे छिद्र जितके लहान तितका त्याचा आकडा मोठा: दोनला मोठे भोक, सोळाला टाचणीएवढे. आयुष्यभर आकडा वाढला की मार्क वाढले असे मानत आलेल्या मास्तराला हे गळी उतरवणे कठीण गेले. लख्ख उन्हात छिद्र सोळावर ठेवायचे आणि चारशेच्या फिल्मला शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर. सावलीत गेलात की एक-एक घर मोठे करत यायचे. छिद्र लहान केले की जवळचे आणि लांबचे दोन्ही रेखीव दिसते. मोठे केले की एकच गोष्ट रेखीव, बाकीचे धुक्यात. हे का होते ते कळेना. मग घरी एकदा आई सुईत दोरा ओवत होती. तिने डोळे किलकिले केले आणि दोरा गेला. मी वहीत लिहिले: "आई सोळावर गेली." मास्तर प्रथमच हसले.

शटरच्या अभ्यासाला मी जवळच्या तालमीत गेलो. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरलेले. त्या वासानेच माणूस थोडा ताठ होतो. पोरे मेहनत करत होती. सेकंदाच्या पाचशेव्या भागात घेतलेल्या फोटोत अंगावरून उडालेली माती हवेत थांबली होती, दाणा न् दाणा. तिसाव्या भागात घेतलेल्यात पैलवान नव्हताच. नुसता एक तांबूस झोत, आणि त्यात कुठेतरी एक कान. तालमीतल्या वस्तादांनी दोन्ही पाहिले आणि दुसऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "ही कुस्ती. तो पहिला नुसता फोटो हाय." मास्तरांच्या शेऱ्यापेक्षा हा शेरा मी जास्त जपून ठेवला आहे.

रंकाळ्याच्या अभ्यासात मात्र पार आपटलो. संध्यामठ, पाणी, पलीकडे शालिनी पॅलेस, वर दोन बगळे, सगळे जमवले. शेरा: "कॅलेंडर चांगले झाले." नववीच्या त्या पोराने रंकाळ्यावर जाऊन भेळेच्या गाडीवरचा कंदील आणि त्या उजेडात कांदा चिरणारे दोन हात आणले होते. सोमवारी शाळेत गेल्यावर मी जुन्या गुणांची वही काढली. 'क' श्रेणीच्या त्या स्थिरचित्रात त्याने घागर वाकडी काढली होती हे खरे. पण तिच्यावरचा उजेड बरोबर होता. मी ते तेव्हा पाहिले नव्हते. श्रेणी बदलण्याची मुदत केव्हाच टळली होती. मी त्याला बोलावून इतकेच सांगितले की, तुझी घागर मी नीट तपासली नव्हती. तो बिचारा इतका घाबरला की, मीच त्याला पाणी दिले.

आता ज्या रविवारसाठी हे सारे लिहितो आहे, त्याकडे येतो.

त्या दिवशी मास्तर फिल्म धुवायला शिकवत होते. पूर्ण काळोखात फिल्म टाकीत भरायची. मग डेव्हलपर, मग आंबट पाणी, मग हायपो. पाणी वीस अंशांवर हवे, म्हणून कोल्हापुरी उन्हाळ्याच्या तोंडावर बर्फाचे खडे टाकायचे. काम करता करता ते बोलत होते. "फोटो म्हणजे कागद नव्हे. कागदावर जिलेटिनचा थर असतो, आणि त्या थरात चांदी. तुम्ही पाहता ती चांदी. जिलेटिन पाण्यात फुगते, आणि वाळताना ज्याला टेकले असेल त्याला धरते. म्हणून दोन ओले फोटो एकमेकांवर ठेवू नयेत."

त्या पोराने विचारले, "सर, मग पुरात भिजलेल्या फोटोंचं काय करायचं?"

कोल्हापुरातले मूल हा प्रश्न विचारणारच. मास्तर म्हणाले, "वाळवायची घाई करायची नाही. गठ्ठा तसाच ओला ठेवायचा. स्वच्छ गार पाण्यात सोडायचा, हलक्या हाताने एकेक सुटा करायचा, आणि मग एकेक चेहरा वर करून सावलीत वाळत घालायचा. उन्हात नाही."

"आणि उन्हात वाळवला तर?" हा प्रश्न मी विचारला.

"मग हात जोडावेत."

काळोखी खोली असते ही किती सोयीची गोष्ट आहे, ते मला त्या दिवशी समजले.

आमचे घर पंचगंगेच्या घाटाकडे उतरणाऱ्या वस्तीत आहे. राजाराम बंधाऱ्यावर नदी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका; हे आकडे आमच्याकडे मुलांना पाढ्यांबरोबर येतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५५ फुटांच्याही वर गेली. संध्याकाळी पाणी उंबऱ्याला लागले, दिवेलागणीला गुडघ्याशी आले. सौ. आणि मुलगी आधीच राजारामपुरीला बहिणीकडे गेल्या होत्या. आईला मी धरून बाहेर काढत होतो. ती म्हणाली, "बाळ, खाटंखालची ट्रंक घे." मी म्हटले, "घेतो." माझ्या एका हातात आई होती. दुसऱ्या खांद्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कादंबरीचे बाड होते. हाताने लिहिलेले, एकच प्रत, तीन वर्षांचे काम. "हे ठेवून येतो आणि ट्रंक नेतो," असे मी म्हणालो. रस्त्यावर आलो तेव्हा मागे वळण्याजोगे पाणी राहिले नव्हते. सकाळी ते खिडकीला लागले होते.

दहा-बारा दिवसांनी घर उघडले. ट्रंकेत चिखल होता, आणि चिखलात फोटोंचा गठ्ठा. माझे बारसे, बहिणीचे लग्न, आजोळ. आणि आप्पांचा एकुलता एक फोटो. माझे वडील मी सात वर्षांचा असताना गेले. ते छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम करत. त्यांचा चेहरा मला त्या फोटोतूनच ठाऊक होता. मी मोठ्या कर्तव्यदक्षतेने तो सगळा गठ्ठा गच्चीवर नेला आणि कडक उन्हात ठेवला. संध्याकाळपर्यंत त्याची वीट झाली. कोपऱ्याला सुरी घालून एक फोटो सोडवायला गेलो तर कोणाचे तरी कपाळ दुसऱ्याच्या पाठीला चिकटून निघाले. आई उभी होती. "राहू दे," म्हणाली. ती वीट तिने फडक्यात बांधून ट्रंकेत परत ठेवली. त्यावर आमच्यात पुन्हा शब्द झाला नाही. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा घरात आले. तेव्हा मी सगळ्यांत आधी ट्रंक उचलली. तिच्यात न्यायजोगे काही उरले नव्हते.

कादंबरी पुढच्या वर्षी निघाली. तिच्यात आप्पांवर एक प्रकरण आहे. 'काळ्या कोटातला माणूस' असे त्याचे नाव. गरिबीतही अंगावर कोट, हात पाठीशी बांधलेले, मान ताठ. एका परीक्षकाने त्या करारी व्यक्तिरेखेची तारीफ केली. कादंबरीच्या पुष्कळशा प्रती प्रकाशकाकडे अजून सुखरूप आहेत. त्यांच्यापर्यंत पाणी पोचत नाही.

वर्गाचा शेवटचा अभ्यास मास्तरांनी वहीत स्वतः लिहून दिला: "घरातले एक माणूस. खिडकीचा उजेड. दिवा लावायचा नाही."

घरात सौ. आहे, मुलगी आहे. दोघींनीही आनंदाने पोज दिली असती. पण मला कोणाचा फोटो काढायचा आहे ते मला माहीत होते, आणि तो निघणार नाही हेही माहीत होते. पुरानंतर आई फोटोला उभी राहिलेली नाही. नातीच्या वाढदिवसाला मोबाइल पुढे आला की ती पाणी आणायला जाते. तशी ती घरभर वावरते. पण गेल्या काही वर्षांतल्या आमच्या कोणत्याही फोटोत ती नाही.

मी विचारले. ती म्हणाली, "माझा कसला फोटो? मी हाय की हितं. मी काय पळून जातो काय?" आमच्या कोल्हापूरकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असेच बोलतात, परगावच्यांना ते भांडणासारखे वाटते.

त्या आठवड्यात मी पाच फोटो घालवले. खिडकीचा एक, रिकाम्या खुर्चीचा एक, मांजराचे दोन, आणि एक चुकून स्वतःच्या पायाचा. शनिवार दुपारी एकच उरला. आई खिडकीपाशी देवाच्या वाती वळत बसली होती. मी समोर बसलो. कॅमेरा मांडीवर होता. काय झाले कोणास ठाऊक, मी मास्तरांनी सांगितलेले तिला सांगून टाकले. गठ्ठा ओलाच ठेवायचा होता. गार पाण्यात सोडवायचा होता. सावलीत वाळवायचा होता. मी उन्हात ठेवला. आणि त्याच्याही आधी, तू ट्रंक म्हणालीस तेव्हा मी माझे बाड घेतले.

तिचा हात थांबला नाही. कापूस ओढला, मांडीवर वात वळली, ताटात ठेवली. मग म्हणाली, "पाणी हुतं. पाण्याला कोण काय म्हणणार?"

थोड्या वेळाने म्हणाली, "तुझं पुस्तक ऐकलंय मी. पोरीनं वाचून दावलं. कोट, कोट म्हणून लिवलंयस. त्यांस्नी कुठला कोट?"

"फोटोत होता की."

"फोटोवाल्याचा हुता त्यो. खुंटीला टांगल्याला असायचा. येईल त्याच्या अंगावर चढवायचा. ह्यांच्या सदऱ्याची कॉलर उसवल्याली, म्हणून त्यानंच घातला. त्यो बी आखूड. बाह्या हितंवर." तिने आपल्या मनगटाच्या चार बोटे वर हात ठेवून दाखवला. "म्हणून फोटोवाला म्हणाला, हात मागं घ्या. तवा मागं घेतलं."

मी ज्याला करारी बाणा म्हटले होते, त्या आखूड बाह्या होत्या.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"पुस्तक छापून झाल्यालं. आन् बोलून दावू कशावरनं? फोटो कुठं हाय?"

हे ती रागाने म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरे झाले असते. नुसता हिशेब सांगितल्यासारखे म्हणाली. आणि मग तिला आपसूकच काहीतरी आठवले. "बाहेर आल्यावर लई हसलं. म्हणालं, कोट घातल्यावर मी कोण दिसतो? मी म्हटलं, बँडवाला." आणि ती हसली. वात वळता वळता, खाली मान घालून, माझ्याकडे न बघता, त्या हसणाऱ्या माणसाकडे बघत हसली.

छिद्र दोनवर होते, शटर तिसाव्यावर. ते मी सकाळीच लावून ठेवले होते. कॅमेरा डोळ्याला लावला की नाही, हे मला आता आठवत नाही. आवाज झाला. आई म्हणाली, "काढलास?" मी म्हटले, "काढला." ती म्हणाली, "पदर तरी नीट घेतला असता."

रविवारी फिल्म धुतली. मग कागदावर फोटो मीच उठवला. तांबड्या दिव्याखाली पांढरा कागद डेव्हलपरच्या ताटात सोडायचा आणि ताट हलके हलके हलवत राहायचे. आधी काही नसते. मग केसांची एक कड येते, मग खिडकीची, मग माणूस येते. कागद वर येऊ लागला आणि माझा हात थांबला, मास्तर म्हणाले, "हलवत राहा." शेजारचा मुलगा टाचा उंचावून बघत होता. तो म्हणाला, "सर, आजी हसतायत." वर्गात तो आता आम्हा दोघांनाही 'सर' म्हणत असे, तेव्हा कोणत्या सरांना म्हणाला कोणास ठाऊक.

आईचा चेहरा रेखीव आला होता. हात मात्र हलले होते. वाती वळणारी बोटे धुरासारखी दिसत होती, आणि त्या धुरात कापसाचा एक पांढरा धागा. मला वाटले, शेरा येणार. आला: "हात हलले आहेत. हलू द्यात."

त्या रात्री माझ्या कादंबरीची माझी स्वतःची प्रत काढली. 'काळ्या कोटातला माणूस' हे प्रकरण उघडले आणि समासात तांबड्या शाईने लिहिले: "कोट स्टुडिओचा. बाह्या आखूड. पुन्हा लिहा." बावीस वर्षांत इतका न्याय्य शेरा मी कोणाच्या वहीवर लिहिला नव्हता. नव्या कादंबरीतला फोटोग्राफर सध्या रिकामा बसला आहे. आधी त्या जुन्या प्रकरणाचे काम आहे. आई रोज थोडे सांगते, मी लिहून घेतो. मुलगी वाचून दाखवते आणि आई दुरुस्त्या सांगते. त्या बाबतीत ती मास्तरांपेक्षा कडक आहे.

फोटो मात्र बरेच दिवस वहीत होता. दिवाळीसाठी घराला रंग काढायचे ठरले तेव्हा सौ.ने चौकट करून आणली. आमच्या सोप्यातल्या भिंतीवर मुलीने पेन्सिलीने मारलेल्या दोन रेघा आहेत, २०१९ ची आणि २०२१ ची, तारखांसकट. दर वेळी रंगारी विचारतो, पुसू का? आणि दर वेळी आई नको म्हणते.

मी हातोडी आणि खिळा घेऊन स्टुलावर चढलो. आईने फोटो हातात घेऊन उजेडात धरला. बराच वेळ पाहिला. मग मला म्हणाली, "वरच्या रेघंच्या वर लाव. चांगला हातभर वर."

मी हातभर वर खिळा ठोकला.